परिच्छेद सात

विजयनगरला कोर्टासमोर माझं दुकान.
टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन.
पानाला तीस रुपये. मजकूर कुणाचा, विचारत नाही.

भूपाल चौगुलेचं म्हणणं मीच टाइप केलं.
मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर असतो तो.
सही करताना कागदावर पिवळा अंगठा उमटला,
झेरॉक्सच्या काचेलाही लागला,
मागच्या दोघांच्या सातबाऱ्यावर करडा ठिपका आला.

वकीलसाहेब म्हणाले, सातवा परिच्छेद जुन्यातला घे.
जुन्यातला म्हणजे कवठेमहांकाळच्या बाईचा.
तिच्याआधी तो विट्याच्या बाईचा होता.
‘अर्जदार ही व्यभिचारी जीवन जगत असल्याने
पोटगी मिळण्यास पात्र नाही.’
नाव बदललं, गाव बदललं.
एका ओळीत विटा तसंच राहिलं,
ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

सोबत पुरावा.
दार, उंबरा, उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला.
कोल्हापुरी, नऊ नंबर.
चार तारखांचे चार फोटो,
कधी टोकं आत, कधी बाहेर.
खाली मी लिहिलं: परपुरुषाची ये-जा.

मग ती आली. पद्मल.
कुपवाडच्या बेदाण्याच्या शेडमधून थेट,
काड्या निवडून निवडून बोटं चिकट,
म्हणून कागद कोपराने माझ्याकडे सरकवला.
“ताई, वाचून दावा.”
मी वाचलं.
सातवा आला तेव्हा
मला मध्येच पाणी प्यावंसं वाटलं.

“चपला माझ्याच हायत,” ती म्हणाली.
“मिरजेच्या बाजारात घेतल्या, एकशे ऐंशीला.
पोरगी आन् मी, दोघीच. कडी नीट बसंना.
शेजारीण म्हणाली, दारात गड्याच्या चपला ठेव.
रातच्याला आत वळवते, सकाळी भाईर.
बघणाऱ्याला वाटावं, हाय कुणीतरी.”

तेही मी टाइप केलं.
त्याच की-बोर्डवर. पानाला तीस.

तारीख.
साहेब रजेवर, तारीख.
भूपालच्या वकिलांची दाढ दुखते, तारीख.
शाळेतून फीची चिठ्ठी दोनदा आली.
गोदाम भावाच्या नावावर निघालं,
मोटारसायकल मेव्हण्याच्या,
संशय तेवढा भूपालच्या स्वतःच्या नावावर.

हुकूम आला पावणेदोन पानांचा.
आरोप हा पुराव्याचा विषय आहे,
या टप्प्यावर नुसत्या फोटोंवरून पोटगी नाकारता येत नाही.
अर्जाच्या तारखेपासून बाईला दरमहा साडेचार हजार,
मुलीला अडीच,
अंतिम निकाल लागेपर्यंत.

“म्हंजे मी तसली न्हाई, असं लिवलंय?”
मी दोन्ही पानं पुन्हा पाहिली.
तसं लिहिलेलं नव्हतं.
तसली आहे, असंही नव्हतं.
“ते अजून ठरायचंय,” मी म्हणाले.
“आन् हा आकडा?”
“हा ठरला.”
तिने नक्कल डब्याच्या पिशवीत ठेवली,
पुन्हा काढली, डब्याला तेल आहे म्हणाली,
माझ्याकडून प्लॅस्टिकचं पाकीट घेतलं. पाच रुपये.
मी नको म्हणाले. तिने ठेवलेच.

“पुराव्याला चपला आणाव्या लागतील का वो?”
“लागतील कदाचित.”
“आणीन की. तळ कोरं हाय अजून.
एक पाऊल चाललेल्या न्हाईत त्या.”
चार फोटो, दोन वकील, एक कोर्ट.
उलटून कुणी पाहिल्याच नव्हत्या.

संध्याकाळी पलूसचं एक म्हणणं आलं.
वकीलसाहेब फोनवर म्हणाले, सातवा जुन्यातला.
मी फाइल उघडली.
पद्मल चौगुले, माधवनगर.
कर्सर तिच्या नावापाशी उघडमीट करत राहिला.
पूर्ण परिच्छेद पुसायला एकच बटण लागतं,
करंगळीपासून फार लांब नाही.

दुकानाबाहेर रिक्षा स्टँडवर दिवे लागले होते.
माधवनगरला एव्हाना ती
उंबऱ्याशी वाकली असेल,
धूळ पुसून
दोन चपलांची टोकं
आत वळवत असेल.